शेवटच्या पायरीचे सहा सेंटिमीटर

"पहिलं लिही, नर्सिंग. साम्सुन," झेकिये आत्या म्हणाली आणि हेझलनटच्या टरफलांनी काळं पडलेलं बोट तिने वहीवर आपटलं. "पांढरा कोट. दीड तासात घरी. मला रक्तदाब, तुझ्या आईला गुडघे. घरात एक नर्स हवीच."

"आत्या, गुडघे सगळ्यांनाच असतात."

"बघ! परीक्षा काय पास झाली, जीभ हातभर लांब झाली."

बिन्नुरची आई हाजेर टोपलीत हात घालून बसली होती. ती हसली, पण वर पाहिलं नाही. अंगणात हेझलनटचा ढीग पडला होता, आणि हा काढणीचा आठवडा नेमका यादी भरायचा आठवडा होता. सरकारी यादीत चोवीस रकाने. वरून खाली ज्या पहिल्या रकान्याला तुमचा क्रमांक पुरतो, तिथे तुम्ही जाता, खालचे सगळे गळतात. म्हणजे वर काय लिहायचं एवढाच प्रश्न. शुक्रवारी यादी बंद. वास्तुकलेला देशातले पहिले अडीच लाखच घेतात आणि बिन्नुरचा क्रमांक होता दोन लाख अडतीस हजार. दार लागता लागता पाय आत.

१. नर्सिंग, साम्सुन (आत्या)
२. नर्सिंग, ओर्दु (आत्या, साम्सुन बुडालं तर)
३. बालवाडी शिक्षिका, गिरेसुन (आई, सुट्ट्या भरपूर)

आणि या तिन्हींच्या वर, समासात, बारीक अक्षरात: वास्तुकला, एडिर्ने.

"एडिर्ने?" आत्याने वही डोळ्यांपासून लांब धरली. "तिथून पुढे देश संपतो गं!"

"चौदा तासांची बस आहे."

"चौदा तासांत मी मरते, मला पुरतात आणि लोक जेवून घरी जातात."

तेवढ्यात रुस्तेम उस्ता कामावरून आला. भुवयांत सिमेंट, खांद्यावर हातोडीची पिशवी. तीस वर्षं तो इमारतींचं सेंटरिंग करत होता, काँक्रीट ओतायच्या साच्यांच्या फळ्या ठोकत होता, म्हणून गावात त्याला सगळे उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणत. "काम सोपं जावो," बायकांना म्हणून तो पालथ्या खोक्यावर बसला. हाजेरने चहाचा पेला पुढे केला.

"रुस्तेम, तुझी लेक एडिर्नेला चालली. घरांचे नकाशे काढायला. बोल काहीतरी!"

"यादी तिची आहे," तो म्हणाला. "साखर दे."

बिन्नुरने साखरेचा डबा पुढे केला. तो चहा ढवळत बसला.

आत्याने सोललेल्या नटांची टोपली उचलली आणि ती वाळत घालायला जिन्याने गच्चीकडे निघाली. पंधरा पायऱ्या नीट चढली. गच्चीवर पाय टाकताना अडखळली. टोपली सुटली आणि हेझलनट टपाटप पायऱ्या उतरत थेट रुस्तेम उस्ताच्या बुटांपर्यंत आले.

"अल्ला तुझं भलं करो रे रुस्तेम!" आत्या वरूनच ओरडली. "साम्सुनला लोकांचे दहा-दहा मजले उभे करतोस आणि स्वतःच्या घरचा जिना एक धड नाही! दोन वर्षं झाली! गेल्या साली पाय मुरगळला माझा, या साली मान मोडेल!"

"हात चुकला, ताई."

दोन वर्षं तो हेच म्हणत होता. बिन्नुरच्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"अंदाजाने बांधलं की असंच होणार," ती म्हणाली. "मी नकाशा दिला होता बाबांना. सेंटिमीटर सेंटिमीटर लिहून दिला होता. तेवढा पाळला असता तरी पुरे होतं. म्हणून तर शिकायचंय मला."

"बिन्नुर!" आई म्हणाली.

रुस्तेम उस्ताने चहा संपवला. चमचा पेल्यावर आडवा ठेवला, म्हणजे आणखी नको. मग तो वाकून पायाशी आलेले नट गोळा करू लागला, एकेक.

*

दोन वर्षांपूर्वी.

बिन्नुर सोळा वर्षांची. लाकडी शिडी कुजली होती, जिना घालायचा होता. चौकटीच्या वहीत ती सारखी घरं काढत बसायची, म्हणून बाबा म्हणाला, "तू काढून दे. तसाच बांधतो."

तिने तीन दिवस घेतले. त्याने तो कागद एका फळीवर चार खिळ्यांनी ठोकला आणि काम संपेपर्यंत तिला "तुम्ही" म्हणाला.

"मॅडम, ही रेघ कसली?"

"कठड्याची."

"मॅडम, पायरी किती उंच?"

"अठरा. सगळ्या अठरा. बाबा, एका बोटाचाही फरक नको!"

"मॅडम सांगतील तसं."

पहिल्या दिवसापासून गच्चीवर पोचणारा प्रत्येक माणूस अडखळला. मग घरातल्या पायांनी ते शिकून घेतलं. आई शेवटी झगा किंचित उचलायची, बाबा उजवा पाय जरा जास्त वर न्यायचा, बिन्नुर तर न बघता उडी मारायची. पडायचे ते पाहुणे. आणि आत्या, कारण आत्याला शिकणं मंजूर नव्हतं.

*

नकाशा सापडला. खिळ्यांची चार भोकं अजून होती. तो नेऊन आत्याच्या नाकासमोर धरायचा, मग बाबांच्या, असं ठरवून ती टेप घेऊन जिन्यावर गेली. पुरावा हवा होता.

अठरा.
अठरा.
अठरा.

पंधरा वेळा अठरा. केसाचाही फरक नाही. काँक्रीट आहे की वहीची चौकट, असं वाटावं इतकं.

शेवटची, गच्चीत चढणारी: चोवीस.

तिने नकाशा पाहिला. अंगणापासून गच्चीपर्यंत दोनशे अठ्ठ्याऐंशी, भागिले सोळा, अठरा. गणित बरोबर होतं. मग ती पोटावर पालथी पडली आणि पावसाचं पाणी जायच्या पाइपाच्या भोकात डोकावली. तिथे गच्चीची कापलेली कड दिसत होती. खाली स्लॅब. स्लॅबवर कोबा. कोब्यावर फरशी. कोबा आणि फरशी मिळून सहा सेंटिमीटर. ते जिन्यानंतर आले होते आणि तिच्या कागदावर कुठेच नव्हते. तिचा जिना स्लॅबपाशी संपत होता. घर सहा सेंटिमीटर पुढे गेलं होतं.

बाबाचा हात चुकला नव्हता. त्याच्या हाताने तिचा शब्द न् शब्द पाळला होता.

ती तशीच पालथी पडून राहिली. फरशी उन्हाने तापली होती.

*

१. नर्सिंग, साम्सुन
२. नर्सिंग, ओर्दु
३. बालवाडी शिक्षिका, गिरेसुन

समास कोरा. खोडरबराने कागद इतका घासला होता की पलीकडचं पान दिसत होतं. आत्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि घरून मक्याची गरम भाकरी पाठवली.

*

गुरुवारी सकाळी बाबा कामावर गेला नाही. काढणी होती. बिन्नुर वर आली तेव्हा तो दाताळ्याने गच्चीवरचे नट फिरवत होता.

"यादी पाहिली," तो म्हणाला. "आईने दाखवली."

ती खाली बसून नटांतली पानं वेचू लागली.

"काल टेप कशाला काढली होतीस?"

"मोजायला."

"मग?"

"पंधरा अठरा. एक चोवीस."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

दाताळं थांबलं नाही. "फळ्या ठोकतानाच दिसलं. कोबा धरला नाहीस."

"आणि तरी बांधलंत?"

त्याने एक ओळ ओढून पूर्ण केली. "वाटलं, तूच बघशील. दुपारी पाणी घेऊन येशील तेव्हा बघशील. मग काँक्रीट आलं. वाटलं, चढशील तेव्हा बघशील. तू चढलीस, ठेचकाळलीस आणि हसलीस. म्हणालीस, बाबा, तुमचा हात चुकला." त्याने पुढची ओळ धरली. "मग बोलायची वेळ निघून गेली, पोरी. बोलायला हवं होतं. ताईचा पाय मुरगळला तेव्हा तर हवंच होतं. ती माझी चूक. नकाशाची तुझी, गप्प बसायची माझी."

"दोन वर्षं सगळं गाव तुम्हाला हसलं!"

"सेंटरिंगवाल्याचं काय राहतं? फळ्या काढल्या की माणूस गेला. राहतं ते नकाशावाल्याचं. इथे निदान हसू तरी माझं राहिलं."

तिला हसायचं नव्हतं. हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. "मला नाही जमायचं, बाबा. एक जिना नाही जमला. पुढे माणसं राहतील त्यात. पडतील."

रुस्तेम उस्ताने दाताळं भिंतीला टेकवलं. बोलण्याआधी त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"तीस वर्षं मी चुकलेले नकाशे बांधतोय. कुठे दार उघडत नाही, कुठे खिडकीत खांब येतो. एकही नकाशावाला परत येऊन टेप लावताना बघितला नाही मी. तू काल लावलीस."

"मी तुम्हाला खोटं पाडायला लावली होती."

"लावलीस ना?"

खाली आई कोंबड्यांना हाकलत होती. बिन्नुरने नाक बाहीला पुसलं.

"एडिर्ने लांब आहे," ती म्हणाली.

"लांबच आहे," तो म्हणाला. "पण ते यादीत लिहायचं नसतं." आणि तिच्या हातात दाताळं दिलं. "ओळ सरळ ओढ. ऊन आलं."

*

"आत्या, ती पायरी माझी आहे."

शुक्रवार, दुपार. पुरुष नमाज पढून परतले होते. आत्या टोपलीवर वाकलेली.

"कुठली पायरी?"

"वरची. जिना मी काढला तसाच बाबांनी बांधला. चूक माझी होती."

आत्याने आपल्या डाव्या घोट्याकडे पाहिलं, मग भाचीकडे. "म्हणजे हा पाय तुझ्यामुळे?"

"हो."

"आणि मी दोन वर्षं या गरिबाला शिव्या घालतेय?"

"हो."

"आणि तू घालू देतोस होय रे, मेल्या?" आत्या भावाकडे वळली. भावाने चहात तोंड घातलं. "तोंडाला काय तुझ्याही सेंटरिंग ठोकलंय?"

हाजेर इतकी हसली की तिला टोपली खाली ठेवावी लागली. आत्या हसली नाही.

"आणि अशी ही घरं बांधणार!"

"शिकायलाच तर चाललेय, आत्या."

आत्या बराच वेळ नट सोलत राहिली. एक, दोन, पाच. शेवटी म्हणाली, "एडिर्नेला थंडी फार. मोजे लागतील लोकरीचे. तुझा पाय केवढा? बापासारखा फताडा असेल." आणि लगेच बोट उगारून, "नर्सिंग दोन नंबरला राहू दे! खोडू नकोस!"

१. वास्तुकला, एडिर्ने
२. नर्सिंग, साम्सुन (आत्याच्या पायाखातर)
३ ते २४. रिकामे

शाळेच्या कॉम्प्युटरवर बटण दाबताना बिन्नुरने शिक्षकांना बाजूला व्हायला सांगितलं. ऑगस्ट संपता संपता निकाल आला. यादीतला एक नंबर, एडिर्ने. आई पदरासारखा रुमाल तोंडावर ओढून रडली आणि मध्येच विचारलं, तिथे वसतिगृहात उशी देतात का.

*

जायला सहा दिवस उरले होते. बिन्नुरने नवा कागद आणला.

"मॅडम, पहिल्या पायरीवर किती चढवायचं?"

"चार मिलिमीटर, उस्ता. जेमतेम."

"पंधरावीवर?"

"साडेपाच सेंटिमीटर आणि वर एक मिलिमीटर. म्हणजे सगळ्या सारख्या होतात."

"कोबा धरलात?"

"धरला."

"फरशी?"

"बाबा!"

त्याने कागद उन्हाकडे धरला. खूप वेळ पाहिला. मग दगडासारखं कठीण बोट एका जागी टेकवलं. "हे बघ. पायरी सपाट काढलीस. पाण्याला उतार नाही. पाऊस पडला की डबकं, आणि थंडीत डबक्याचा बर्फ."

तिने पाहिलं. खोडलं. पुन्हा काढलं. त्याने पुन्हा पाहिलं आणि आणखी एक जागा दाखवली. तिसऱ्यांदा काही बोलला नाही, फळीवर कागद ठेवला आणि खिळे तोंडात धरले.

दोघांनी मिळून, नवा थर धरावा म्हणून, पायऱ्यांना छिन्नीने टाके मारले, वरच्या पायऱ्यांना फळ्या ठोकल्या, खालच्यांवर फरशी चिकटवायचा मसाला ओढला. तो मिसळायचा, ती पातळी बघायला पाणसळ धरायची. तीन दिवस घरातलं कुणीही गच्चीवर गेलं नाही. चौथ्या दिवशी आत्याला आधी चढवलं. ती चढली, वर पोचली, थांबली, मागे वळून संशयाने पायरीकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं कौतुक कधी कुणी ऐकलं नव्हतं.

बस स्टँडवर आईने बसच्या मागे तांब्याभर पाणी ओतलं, पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये. बाबाने तिची पेटी स्वतः डिकीत ठेवली, ड्रायव्हरशी उगाच टायरांबद्दल बोलला, आणि बस हलली तेव्हा त्याची पाठ होती.

*

एडिर्ने. नोव्हेंबर. पहिला मोठा नकाशा सरांनी लाल रेघांनी भरून परत दिला होता. बिन्नुरने तो भिंतीला लावला आणि घरी फोन केला. आईने उचलला. खोऱ्यात आवाज तुटतो, म्हणून तिने नेहमीसारखा फोन बाबाकडे दिला आणि बाबा तो कानाला लावून गच्चीकडे निघाला.

"थांब, वर जातो."

फोनमधून पावलं ऐकू आली. जड बूट, सारखं अंतर. बिन्नुर नकळत मोजू लागली. बारा. तेरा. चौदा. पंधरा. एकसारखी, घड्याळासारखी.

सोळाव्याला धप्प झालं. उंच उचललेला पाय रिकाम्यातून खाली आपटावा तसं.

"बाबा? लागलं?"

"नाही गं. पायाला अजून कळलेलं नाही."

मग त्याचा श्वास, आणि गच्चीवरचा वारा.

"बोल," रुस्तेम उस्ता म्हणाला. "आता नीट ऐकू येतंय."