मासा असून बुडतो

मत्स्यालयाची नोंदवही, टाकी क्रमांक सात. नोंदी माझ्या, म्हणजे थोरलीच्या. नियम: खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.

सोमवार, ९.१०
पहिलवानाला ओल्या फरशीवर सोडलं. पहिलवान म्हणजे आमचा चालणारा मासा, वीतभर. कल्ल्यांवरची झाकणं पसरतो, त्यांचे काटे जमिनीत रोवतो, शेपटीनं स्वतःला ढकलतो. तोंडानं सरळ हवा घेतो, अंग ओलं असेल तर बाहेर तासन्‌तास टिकतो. सहा मिनिटांत दोन हात चालला.
(खोडलं: धाकटीनं सोडला की पाच हात.)

धाकटी माझी जाऊ. मी हे मासे अकरा वर्षं पाळते. ती इथे कामाला लागली सहा महिन्यांपूर्वी, माझ्याच शिफारशीनं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

मंगळवार, ११.३०
प्रमुख बाई चाल बघायला आल्या. मी सोडल्यावर पहिलवान बसून राहिला, रुसलेल्या सासऱ्यासारखा. धाकटीनं पुढे पाण्याचा शिपका मारला. निघाला.

"अगं, हा तर तुझ्यामागे फिरतो!" बाई हसल्या. "शुक्रवारी पाहुण्यांसमोर तूच चालव."

पाहुण्यांसमोर आजवर मीच चालवत आले.

जेवताना धाकटीनं विचारलं, "जाऊबाई, रागावला नाहीत ना?"

"मी कशाला रागावू? शिपका मारेल त्याचा मासा."

"झालं! आता हे घरी सासूबाईंच्या कानावर, आणि आठवडाभर भांडी माझ्याकडे."

(खोडलं: नव्याचे नऊ दिवस. मोजते आहे.)

बुधवार, १२.४०
टाकी काठोकाठ भरलेली, झाकणाला चारही चिमटे. काम धाकटीचं. मासा खूश राहावा म्हणून भरपूर पाणी, उडी मारू नये म्हणून झाकण. मायेनंच केलं. पण पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटं हवा ठेवायची असते. याला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. वर येऊन हवा मिळाली नाही तर तो मासा असून बुडतो. हे तिला शिकवायचं राहिलं.
(खोडलं: विसरले.)

१२.४१
वर येतो, झाकणावर तोंड आपटतो, खाली जातो.

१२.४४
पुन्हा. आता हळू.

१२.४७
धाकटी जेवायला गेली आहे. एकच्या आत येणार नाही. पहिलवान मेला तर दोष तिचा, आणि शुक्रवारी दुसरा मासा घेऊन मी.

१२.५०
कुशीवर झाला. शेपटी हलते.
(खोडलं: मी अजून उभीच.)

१२.५२
चिमटे काढले. चौथा निघेना, नख तुटलं. अर्धी बादली पाणी उपसलं, त्याला तळहातावर वर धरलं. बराच वेळ काही नाही. मग एक घोट हवा. मग दुसरा.

१.०५ (सुट्या कागदावर, नंतर लिहिलेलं)
धाकटी आली. फरशी भिजलेली, माझे हात कोपरापर्यंत ओले.

"माझ्या माशाला हात का लावलात?"

"बुडत होता."

"मासा? बुडत?" ती हसलीच. "जाऊबाई, थाप मारायची तर पटेल अशी तरी मारा."

मी वही तिच्यापुढे सरकवली. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली, खोडलेल्यासुद्धा. हसू केव्हाच गेलं होतं.

"झाकण मी लावलं," ती म्हणाली. मग बोट वर नेलं. "तुम्ही चाळीसला पाहिलंत."

"हो."

"उघडलंत बावन्नला."

"हो."

तिनं वही मिटली, काखेत मारली आणि बाईंच्या खोलीकडे निघाली. मी अडवलं नाही.

शुक्रवार, पुन्हा सुटा कागद. वही आता तिच्याकडे असते
पहिलवान सात हात चालला. टाळ्या पडल्या. मी दाराशी, हात पाठीमागे. सात हात! माझ्याकडे कधी चारच्या वर गेला नाही मेला.

एका पाहुण्यानं गमतीनं विचारलं, "इतकी हवा लागते, तर पाण्यात बुडत नाही ना हा?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं.

"ते त्यांना विचारा," ती म्हणाली. "त्यांनी बघितलंय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पुढे झाले आणि सांगितलं, मिनिटांसकट. अकरा वर्षांत कुठल्या पाहुण्यांनी माझं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.