उन्हाळा सरतानाचं चित्र

"ताई, हे चित्र नको," साहेब तिच्या खुर्चीमागून म्हणाले. "नवा बर्फ पडून गेल्यावरचं आहे. सगळा डोंगरच पांढरा दिसतोय. उन्हाळा सरतानाचं घ्या ना."

हा नियम साहेबांना तिनंच शिकवला होता. उपग्रहाच्या चित्रांवर हिमनद्यांच्या कडा आखण्यात तिचा जन्म गेला. उन्हाळ्याअखेर टिकतो तोच बर्फ खरा, हे ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. या एकाच हिमनदीला मात्र ती मुद्दाम उशिराचं चित्र लावायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण या हिमनदीत तिचा धाकटा भाऊ होता. चढाईला गेला, भेगेत पडला, सापडला नाही. "बर्फ काही खात नाही, ठेवून घेतो. वितळला की देईल परत," असं कुणीसं आईला म्हणालं आणि आई तेवढ्यावर जगली.

तिनं चित्र बदललं. करडे दगड, बाकी काही नाही. दगडांखाली बर्फ दडला असेल तर वरचे दगड सरकतात, म्हणून तिनं गेल्या वर्षीचं उन्हाळ्याअखेरचं चित्र त्यावर ठेवून पाहिलं. काही हललं नव्हतं. वाटाड्यांनीही या उन्हाळ्यात तो सगळा उतार पालथा घातला होता. एक बूटसुद्धा मिळाला नाही. ते तिनं आईला सांगितलंच नव्हतं.

"पुसा ताई आता," साहेब हळूच म्हणाले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तिनं नकाशावरून हिमनदीची कड पुसली. रडूही येईना, याचीच तिला भीती वाटली.

घरी आई खिडकीतल्या उन्हात भावाचा स्वेटर उलटसुलट करत होती. मुलगा परत येईल तेव्हा गारठलेला असेल, म्हणून स्वेटर कायम उबदार ठेवायचा.

"काय म्हणतोय बर्फ?" आईनं रोजच्यासारखं विचारलं.

"संपला, आई."

"आणि तो?"

"नाही मिळाला गं. शोधलं सगळ्यांनी."

आईनं स्वेटर पुन्हा उलटला. "मग आता कुठे बघायचं?"

आभाळातून अख्खी पृथ्वी बघणारी लेक दारातच उभी होती.

"ये इकडे," आई म्हणाली. "हात घाल. ढगळ होईल तुला, पण ऊब आहे."

तिनं स्वेटर घातला. बाह्या लांब होत्या. आईनं त्या दोन्ही दुमडून दिल्या.