रोपवालीच्या ट्रॅक्टरचा पत्रा

पत्रेवाल्याच्या बायकोला सगळे रोपवाली म्हणायचे. घरामागच्या लांबट जागेत तिची रोपवाटिका होती. कुंड्यांच्या अठ्ठावीस ओळी, हिरव्या जाळीचे दोन मांडव आणि बागेत वापरतात तसला एक छोटा ट्रॅक्टर. मागे ट्रॉली जोडून ती त्यावरून माती, खत, रोपं हलवायची. घराच्या भिंतीला लागूनच नवऱ्याची शेड. तो गाड्यांची मडगार्डं ठोकून सरळ करायचा, दरवाजे बनवायचा, कुणाला धुराडं, कुणाला पन्हाळ करून द्यायचा. दिवसभर तिकडून ठोकण्याचा आवाज यायचा. तो आवाज थांबला की रोपवाली हातातलं काम सोडून डोकावायची, "काय हो, बोट ठेचलंत का?"

पंचवीस वर्षं असं चाललं. मग तिच्या हातून कुंड्या पडायला लागल्या. आधी आठवड्यातून एखादी, मग रोज. चालताना डावं पाऊल घासायला लागलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात, त्यावर औषध नाही. किती दिवस, असं विचारल्यावर ते म्हणाले, वर्ष, दीड वर्ष, कदाचित दोन.

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना ती म्हणाली, "एक सांगते. मला चाकाच्या खुर्चीत बसवू नका. ती मातीत रुतते. ट्रॅक्टर रुतत नाही. त्यावर बसता येईल असं काहीतरी करा."

पत्रेवाल्याला हायसं वाटलं. आपल्या हाताला जमेल असं काहीतरी तिने मागितलं होतं. आणि मग हायसं वाटल्याची त्याला लाज वाटली.

त्याचा जुना दोस्त फिटर होता. दोघांनी मिळून ट्रॅक्टर खोलला. बाजूने सरकून आत बसता यावं म्हणून फिटरने खालचा सांगाडा, म्हणजे चासी, मधोमध कापून वीतभर वाढवली, इंजिन पुढे घेतलं, पायातला क्लच आणि ब्रेक काढून हाताने ओढायचे दांडे बसवले. त्यामुळे जुना पत्रा काहीच बसेना. बॉनेट तोकडं पडलं, मडगार्डं वाटेत यायला लागली.

"पत्रा सगळा नवाच लागणार," फिटर म्हणाला.

"मग मी कशाला आहे?" पत्रेवाला म्हणाला.

आलेली गिऱ्हाइकं त्याने परत पाठवली. पुठ्ठे कापून, चिकटपट्टीने जोडून आधी आख्ख्या ट्रॅक्टरचा साचा उभा केला. मग अठरा गेजचा पत्रा कापला. बॉनेटचा पुढचा गोल भाग त्याने वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने गोलाईत आणला, एका वेळी बोटभर. मडगार्डांच्या कडा आत तार घालून वळवल्या, म्हणजे तिचा हात लागला तरी कापणार नाही. चढायला पायरी केली. पायरी किती उंच ठेवायची हे त्याने तिला भिंतीपाशी उभं करून मोजलं होतं. ती पाय नऊ इंच उचलत होती, म्हणून पायरी आठावर ठेवली.

सहा आठवडे लागले. ती काठी टेकत आली, बॉनेटवरून हात फिरवला, म्हणाली, "एवढं तर लग्नात माझ्या अंगावरही नव्हतं झगमगत." मग पायरीवर पाय ठेवायला गेली. पाय चार इंच उचलला गेला आणि थांबला. तिने दोन्ही हातांनी मांडी धरून ओढली. नाही जमलं.

"तेव्हा उचलत होते हो," ती म्हणाली, जणू तिनेच चुकीचं माप दिलं होतं.

"माझंच चुकलं. खाली घेतो," तो म्हणाला.

त्याने बसायच्या जागेचा तळ कापला, जमिनीपासून टीचभर उंचीवर आणला. पायरी काढून टाकली आणि बाजूचा आख्खा पत्रा बिजागरीवर खाली पडेल असा केला, म्हणजे त्याचाच उतार होईल. यावेळी त्याने घाई केली, सांधे नीट घासलेही नाहीत. पंधरा दिवसांत ट्रॅक्टर तयार झाला, आणि ती बसली.

पुढचे एकोणीस दिवस चांगले गेले. ती सकाळी पत्र्यावरून सरकत आत जायची, तो पत्रा उचलून कडी लावायचा, आणि ती धुरळा उडवत सगळ्या ओळींमधून फिरायची. कुठे कीड लागली, कुठे पाणी साचलं, ओरडून सांगायची. रोपं घ्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "अहो, ही गाडी मिळते कुठे?"

"मिळत नाही. आधी पत्रेवाला नवरा मिळवावा लागतो," रोपवाली म्हणाली. "आणि पंचवीस वर्षं ठोकाठोक ऐकावी लागते."

विसाव्या दिवशी तो तिला उतरवायला गेला तर ती डावीकडे कलून बसली होती. सरळ केलं की परत कलायची. कमरेत जोर उरला नव्हता.

मग त्याने डाव्या बाजूला अंगाला टेकेल अशी पत्र्याची भिंत करायला घेतली. मऊ तार तिच्या बगलेपासून कमरेपर्यंत दाबून वाकवायची, तशीच अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवायची आणि पेन्सिलीने रेघ मारायची, असं माप तो घ्यायचा. पत्रा त्या रेघेला जुळवून ठोकायचा, मग तिला बसवून बघायचा. बघेपर्यंत मधे फट पडलेली असायची. परत तार, परत रेघ.

"शिंपी तरी एकदाच माप घेतो," ती म्हणायची.

"शिंप्याचं कापड मऊ असतं. माझं चुकून चालत नाही."

एके दिवशी त्याला पुठ्ठ्यावर पाच रेघा एकीखाली एक दिसल्या. पहिली बाहेर फुगलेली, शेवटची जवळजवळ सपाट. मधल्या जागेत त्याची चार बोटं सहज मावली असती. अंगावर रोज हात लावूनही जे त्याला दिसलं नव्हतं, ते पुठ्ठ्यावर दिसलं. त्याने पुठ्ठा उलटा करून भिंतीला टेकवला आणि पुढचं माप नव्या पुठ्ठ्यावर घेतलं.

ती भिंत झाली तोवर तिच्या बोटांतली पकड जायला लागली होती. फिटरने ब्रेकच्या दांड्याची स्प्रिंग बदलली. आठवड्याने परत बदलली. तिसऱ्या वेळी तो पाना खाली ठेवून म्हणाला, "आता याहून हलकं काय करू? फुंकर मारली तरी हलतोय. थांब आता. तिला जिवंत माणसाशेजारी बसव, इंजिनावर नको."

"नट-बोल्ट तू बघ," पत्रेवाला म्हणाला. "माझी बायको मी बघतो."

फिटर हत्यारं गोळा करून गेला आणि बरेच दिवस आला नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, ती एकटी शेवटच्या ओळीकडे गेली. वळणावर तिने ब्रेकचा दांडा ओढला तर बोटं त्यावरून नुसतीच घसरली. ट्रॅक्टर रोपांच्या ट्रे चिरडत सरळ गेला आणि मांडवाच्या खांबाला धडकला. खांब आडवा झाला, जाळी तिच्यावर आली, चाकं जागच्या जागी माती उकरत राहिली. तिला लागलं नाही. डाव्या बाजूच्या पत्र्याने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. ती हाका मारत राहिली, पण तिचा आवाजही तोवर बारीक झाला होता.

पत्रेवाला शेडमध्ये ग्राइंडर चालवत होता. तिच्या डोक्यामागे लावायला एक टेका बनवत होता. रोपं घ्यायला आलेल्या एका माणसाने जाळी उचलून इंजिन बंद केलं आणि शेडमध्ये येऊन त्याला दंडाला धरून हलवलं, तेव्हा त्याला कळलं. तो डोळ्यांवरचा चष्माही न काढता धावला.

"हाका मारल्या मी," ती म्हणाली. केसांत माती होती.

"ग्राइंडर चालू होता गं."

"किती वेळ मारल्या."

त्याने तिला उचलून घरात आणलं. ती इतकी हलकी झाली होती की उंबरठ्यावर त्याचा अंदाज चुकला आणि तो अडखळला. पलंगावर टेकवून, ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत तो बोलायला लागला, की दांडा उजवीकडे घेतो, मनगटात अडकेल असं कडं करतो, डोक्याचा टेका तर होतच आलाय.

"नको आता," ती म्हणाली.

"अगं, चार दिवसांचं काम."

"आठ महिने तुम्ही माझी मापं घेताय. एकदा नुसतं बघा ना माझ्याकडे."

"बघतोच की."

"कुठे बघता? तार बघता."

 फडकं पिळायला म्हणून तो उठला, आणि परत आला तेव्हा तिने डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये गेला. आपण चुकतोय हे त्याला कळत होतं, तरी पाय तिकडेच वळले. घरात बसलं की तिचे सुकत चाललेले हात समोर दिसायचे आणि करण्यासारखं काही नसायचं. शेडमध्ये निदान पत्रा होता. पत्रा ठोकला की वाकायचा, घासला की गुळगुळीत व्हायचा.

तेवढ्यात तिची थोरली बहीण राहायला आली. ताईने काही न विचारता स्वयंपाकघर हातात घेतलं, रोपांना पाणी घालायला लागली, बहिणीला चमच्याने भरवायला लागली. पत्रेवाला अकरा दिवस डोक्याचा टेका करत होता. आतून फोम लावला, त्यावर तिच्या जुन्या मऊ ओढणीचं कापड चढवलं. ट्रॅक्टर आता कोण चालवणार आहे, हे ताईने त्याला एकदाही विचारलं नाही.

टेका पूर्ण झाला तसा तो घरात घेऊन आला आणि पलंगाजवळ धरून उभा राहिला. मधल्या दिवसांत तिची जीभ जड झाली होती. तिने टेक्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि काहीतरी बोलली. त्याला कळलं नाही. ती परत बोलली. तो वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला. तिसऱ्यांदाही कळलं नाही.

"ताई, काय म्हणतेय?"

ताई चमचा बशीत ठेवत म्हणाली, "छान झालंय म्हणतेय."

तिच्या डोळ्यांकडे बघून त्याला ते खरं वाटलं नाही. तीन वेळा सांगण्यासारखं ते नव्हतं. पण खरं काय, हे परत विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

त्या दिवशी त्याने शेडला कुलूप लावलं आणि तिच्याजवळ बसायला लागला. नुसतं बसायचं कसं, हे त्याला येत नव्हतं. हात मांडीवर ठेवायचा, उचलायचा, चादर सारखी करायचा. ती बोलायची तर ताईला दहातले सात शब्द समजायचे, त्याला दोन. पाणी आणि उशी. कधी ती बराच वेळ बोलायची, एखादी लांब गोष्ट असावी तशी, मधेच हसायची, आणि तो हो हो करत मान हलवायचा. आपण न समजता मान हलवतोय हे तिलाही कळत होतं. मग ती थांबायची.

"मी ग्राइंडर बंद करायला हवा होता," तो एकदा म्हणाला. "फक्त त्या दिवशी नाही. आधीच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही, की बोलता आलं नाही, ते त्याला समजलं नाही. त्याने तिचा हात हातात घेतला. त्या हातात ना पकड होती ना नकार.

पुढे बोलणंही राहिलं नाही. एके दुपारी ताई मागे पाणी घालत असताना तिचा श्वास थांबला. तो शेजारीच होता. झोप लागली असेल असं समजून तो हालचाल न करता बसून राहिला होता. ताईनेच आत आल्यावर ओळखलं.

महिन्याभराने ताई म्हणाली, "भावोजी, रोपं मी बघते. नाहीतरी घरी माझं कोण आहे? पण हातगाडीने माती ओढवत नाही. तो ट्रॅक्टर चालेल का?"

ती जाऊन बसून बघायला लागली, पण बसता येईना. ताई अंगाने भरलेली. डाव्या बाजूचा पत्रा तिच्या बरगड्यांत रुतायला लागला, डोक्याचा टेका मानेत टोचला.

"जरा मोठं करता येईल?" तिने विचारलं आणि लगेच त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "नाहीतर राहू दे. उघडाच बरा. मला काही झाकायचं नाही."

त्याने फिटरला बोलावलं. फिटर आला, जुन्या भांडणाचा विषय काढला नाही, गुडघ्यावर बसून पेडल परत बसवायला लागला. पत्रेवाल्याने बोल्ट सोडवले. बॉनेट, मडगार्डं, खाली पडणारी बाजू, डावी भिंत, टेका. एका सकाळीत सगळं निघालं. पत्रे त्याने एकेक करून शेडमध्ये नेले आणि भिंतीला लावून ठेवले.

"हे मोडीत देऊ?" फिटरने विचारलं.

"नको."

"मग काय करणार आहेस यांचं?"

"काही नाही."

ताईने ट्रॅक्टर चालू केला. पत्र्याशिवाय इंजिनाचा आवाज मोठा येत होता. ती हळूहळू पहिल्या ओळीकडे गेली, ट्रॉली मागे हेलकावत होती. फिटर हात धुऊन गेला. पत्रेवाला शेडमध्ये त्या पत्र्यांसमोर स्टुलावर बसला. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन हाका मारून गेली. दुपारी ताईने जेवायला बोलावलं. "आलोच," तो म्हणाला. तासाभराने ती परत बोलवायला आली, तेव्हाही तो तिथेच होता.