शेजाऱ्यांचे मत

अक्षताने प्रशिक्षणात पहिला नंबर काढला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, पोरगी मठ्ठ असेल. मुळीच नव्हती. दिघ्याच्या चाळीत राहून कंपनीत पाळ्या करणाऱ्या बाजीरावांची ही लेक, घराण्यातली पहिली एम.एस.डब्ल्यू. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन पोरांसाठी परिविक्षा अधिकारी नेमतात. पोराच्या घरी जाऊन त्यांनी अहवाल लिहायचा आणि तो वाचून बाल न्याय मंडळाने पोराचं काय करायचं ते ठरवायचं. ती नोकरी अक्षताला लागली, अकरा महिन्यांच्या कराराची का होईना, तेव्हा बाजीरावांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले.

पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या साहेबांनी एकच गोष्ट घोकून घेतली, अहवालातला एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. घर, शाळा, संगत, व्यसन, शेजाऱ्यांचे मत, सगळं भरलेलं पाहिजे. अक्षताचा नमुना अहवाल सगळ्यांना दाखवला गेला. गोपनीयतेवरही एक तास होता, जेवणानंतरचा, पेंगुळलेला. त्याच्याही नोट्स तिने सुबक अक्षरात काढल्या होत्या.

तिच्या आधी त्या खुर्चीवर वामनकाका होते. वीस वर्षं पोरांच्या घरचे उंबरे झिजवलेला माणूस, पण शिक्षण बारावी. नव्या नियमांत बसेनात, म्हणून त्यांना नारळ दिला. जाताना ते म्हणाले, "चार दिवस माझ्यासोबत फिर गं पोरी. कुणाच्या दारात कसं जायचं, ते दाखवतो."

"थँक्यू काका, पण ट्रेनिंग झालंय माझं," अक्षता हसून म्हणाली. काका बिचारे पिशवी उचलून निघाले.

पहिलीच केस अंकुरची. दिवाळे गावचा, सोळा वर्षांचा. दोन मोठ्या पोरांनी बाइक चोरली, हा शहाणा मागे बसून फिरला, आणि तिघेही सापडले. पहिलाच गुन्हा होता. अहवाल बरा आला, की मंडळ पोराला आईच्या हवाली करणार हे जवळपास ठरलेलं. निरीक्षणगृहात त्याने अक्षताला एवढंच विचारलं, "मॅडम, घरी कदी सोडतील?"

"लवकर," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

त्याची आई येसूबाई मासळी विकायची. नवरा वारलेला. घर दीड खोलीचं, पण लख्ख. तिने अक्षताला चहा दिला आणि तिचा हातच धरला. "बाय, माजे पोराला घरी आन गो. पंधरा दिसांवर त्याचे बहिनीचा, भाविकाचा साखरपुडा हाय. गावात कोनाला ठावं नाय. पोर मामाकडं उरनला गेलाय, असाच सांगितलाय मी सगल्यांना."

"काळजी करू नका मावशी. अहवाल चांगलाच जाईल."

बाहेर आल्यावर तिने कागद पाहिला. शेजाऱ्यांच्या मताचा रकाना रिकामा होता.

समोरच्या अंगणात बायका बोंबील वाळत घालत होत्या. जानू नावाचा म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. अहो, गळ्यातलं सरकारी ओळखपत्र तरी पिशवीत टाकायचं! तेवढंही सुचलं नाही. "येसूबाईंचा अंकुर कसा मुलगा आहे हो?" तिने विचारलं. जानूने कार्डावरची 'बाल न्याय मंडळ' ही अक्षरं सावकाश वाचली, आणि बायकांचे हात थांबले.

"लय गुनी पोरगा," जानू म्हणाला. "कोनाचे वाटंला जात नाय." बायकांनीही री ओढली. अक्षताने सहा ओळी भरभरून लिहिल्या. गुन्ह्याबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळे येसूबाईचं गुपित आपण सांभाळलं, असंच तिला वाटत होतं.

अहवाल मंडळाला आवडला. पोराला आईच्या ताब्यात द्या, असा आदेश झाला.

त्या दिवशी अंकुर सकाळपासून केस विंचरून बाकावर बसला होता. येसूबाई आली, पण दारातच थांबली. अक्षता लगबगीने पुढे गेली.

"सोयरीक मोडली, बाय," येसूबाई म्हणाली. "चोराचे घरातली पोरगी नको, असा निरोप आला. दोन दिस झाले, भाविका जेवली नाय. हा आता घरी आला तर ती जीव देल. नको आनू त्याला. तिचा कुटं जमू दे पयले."

"पण त्यांना कळलं कसं?" अक्षताने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उमगलं. तिचा हात गळ्यातल्या कार्डाकडे गेला. येसूबाईने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू तुजा काम केला," एवढंच ती म्हणाली. पोराकडे न बघता तिने नकाराच्या कागदावर अंगठा उठवला आणि निघून गेली.

मंडळ तरी काय करणार? घरचं माणूसच नको म्हणाल्यावर पोराला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत धाडायचं ठरलं.

अंकुरला वाटलं, चोरी केली म्हणून आईने आपल्याला टाकलं. त्याला तसं वाटू देणं सोपं होतं, अक्षताच्या नोकरीच्याही सोयीचं होतं. पण ती त्याच्याशेजारी बाकावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू आवरेना. "आईचं काही चुकलं नाही रे. मी तिथे विचारायलाच नको होतं. माझ्यामुळे झालं हे."

अंकुरने मान वर केली. "मंग आई माज्यावर रागावली नाय ना?"

"नाही रे राजा."

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. शिपायाने हाक मारली तसा तो उठला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"मॅडम, माज्या खोलीत तो आकाश हाय ना, त्याचे घरी जानार तुमी?"

"हो. उद्या."

"त्याचे आईने पन कोनाला सांगितला नाय. तितं नका विचारू."

अक्षताने मान हलवली. पोरगा गाडीत जाऊन बसला.