कागदाची पट्टी

जपानमधल्या निगातातल्या त्या कर्णबधिरांच्या शाळेत वर्गाच्या मागच्या भिंतीशी आयाही बसत. मुलांनी बोलायला शिकायचं, आयांनी ते घरी गिरवून घ्यायचं आणि हातांनी कुणीच बोलायचं नाही, असा नियम. शिझुए तो काटेकोर पाळी. आठ वर्षांच्या किनुकोच्या ओठांपुढे ती रोज कागदाची पट्टी धरी. 'पा' म्हणताना श्वासाने पट्टी हलली, की मगच लेकीपुढे भाताची वाटी येई.

शाळा बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी घरी पट्टी हललीच नाही. किनुकोने हात पोटाशी नेला. शिझुएने तो खाली दाबला. "तोंडाने सांग!"

वर्गात किनुकोला पाहुण्यांपुढे उभं केलं. 'आज हवा छान आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पोर पांढरीफटक पडली होती, हात सारखे पोटाकडे जात होते.

"घाबरलीय," वर्गाच्या शिक्षिका त्सुचिया बाई पाहुण्यांकडे बघून हसल्या. "आई, जरा हात धरा तिचे."

आणि आईने धरले! हे लिहिताना आजही माझा संताप होतो.

फुसाए त्याच शाळेत शिकलेली, आता तिथेच धुणं करणारी. ती चादरी घेऊन दारावरून चालली होती. किनुकोचा चेहरा पाहताच चादरी टाकून ती आत शिरली आणि हातांनी काहीतरी विचारलं. किनुकोने हिसका देऊन हात सोडवले. धुण्याच्या दगडापाशी फुसाएकडून चोरून शिकलेली हातांची भाषा तिच्या बोटांतून भराभरा बाहेर पडली. फुसाएने खडू उचलून फळ्यावर लिहिलं :

'कालपासून पोटात उजवीकडे दुखतंय. आईला दोनदा सांगितलं.'

"पाहुण्यांसमोर माकडचेष्टा! चालती हो!" बाई फुसाएवर कडाडल्या. मग शिझुएकडे वळून हळूच म्हणाल्या, "एवढं एक वाक्य होऊ द्या, मग न्या. आत्ता गेलात तर पटावरून नाव जाईल."

"खुशाल जाऊ दे," म्हणत शिझुएने लेकीला उचललं.

आतड्याला सूज होती. डॉक्टरांनी लगेच पोट उघडलं, म्हणून पोर वाचली. ती शुद्धीवर येईपर्यंत शिझुए दवाखान्यातल्या बाकावर फुसाएकडून एकच खूण घोटून घेत होती.

किनुकोने डोळे उघडले. शिझुएने अडखळत्या हातांनी विचारलं, "दुखतंय का?"

किनुको दचकली. दाराकडे बघत तिने घाईघाईने आईचे हात धरले आणि पांघरुणाखाली दाबले.

शिझुएला हुंदका फुटला. तिने हात सोडवून घेतले आणि उघड्या दारासमोर, सगळ्यांना दिसेल असं, पुन्हा विचारलं.