फळ्यावरचं देऊळघाट

"उभ्यानंच सांगा, नसीमाताई. बसलं की मीटिंग लांबते," दीपकसर म्हणाले.

नसीमा खुर्चीवरून उठली. कापूस प्रकल्पाच्या नांदुऱ्याच्या कचेरीत यंदापासून हेच चाललं होतं. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी 'अजाईल' नावाची पद्धत साऱ्या जिल्ह्यांत आणली होती. रोज सकाळी गोलात उभं राहायचं आणि सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. काम पंधरवड्यात मावेल एवढंच कापायचं, त्याची चिठ्ठी फळ्यावर 'बाकी'च्या पहिल्या रकान्यात लावायची, झालं की ती 'पूर्ण'च्या रकान्यात न्यायची.

"सर, देऊळघाटात गुरवारी फवारनी हाय. बीटी कपाशीले बी अळी लागली. लोक दोन-दोन औषधं मिसळून राह्यले. मजुरायले हातमोजे अन् मास्क त्याच्या आंधी पाह्यजेत."

"मग काम तोडा ना. प्रशिक्षणाची एक चिठ्ठी, साहित्याची दुसरी. साहित्य पुढच्या पंधरवड्यात घेऊ."

नसीमाने तोडलं. काहीच न होण्यापेक्षा अर्धं तरी होईल, असं तिला वाटलं. गावातल्या शाळेत मजूर जमवून तिने मास्क कसा बांधायचा, मोजे कसे चढवायचे ते रिकाम्या हातांनी शिकवलं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. निवृत्ती नावाचा मजूर मात्र पुढे बसून मन लावून ऐकत होता.

"अन् मोजे कवा येतीन जी?" त्याने विचारलं.

"येतीन भाऊ."

प्रशिक्षणाची चिठ्ठी 'पूर्ण'मध्ये गेली. साहित्याची पुढच्या पंधरवड्यातली, म्हणून फळ्यावर देऊळघाट लालाचं हिरवं झालं.

साहित्याची गाडी आली ती बुधवारीच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. नसीमाचा जीव भांड्यात पडला. पण दीपकसरांनी सगळी खोकी अमडापूरला पाठवली.

"अमडापूर अजून लाल आहे ताई. देऊळघाट तर हिरवं झालंय."

"सर, ते म्या नुसतं शिकवलं म्हनून हिरवं झालं. त्यायच्या हातात काईच नाई. धा जोड तरी द्या. मी हात जोडतो तुमाले."

"मला कळतं हो. पण वरचे लोक फळाच बघतात. मी काय सांगू त्यांना?" सर खाली बघत म्हणाले. गाडी निघून गेली.

फवारणीचं विष अंगात भिनून शुक्रवारी निवृत्ती बुलढाण्याच्या दवाखान्यात होता. बायको गोजरबाई पदराने त्याच्या तोंडाची लाळ पुसत होती.

"डोळ्याले दिसत नाई त्यायच्या," ती म्हणाली. "नजर येते का नाई, डाक्टर बी सांगत नाई."

आवाजावरून निवृत्तीने ओळखलं. "नसीमाताई का? तुमी सांगतल्यावानीच केलं जी. वाऱ्याकडं पाठ केली, हिचं लुगडं तोंडाले बांधलं. मोज्यायची तेवढी वाट पाह्यली."

त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. नसीमाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे गोलात उभे राहिले.

"नसीमाताई, काल काय केलं?"

ती फळ्यापाशी गेली, देऊळघाटची चिठ्ठी 'पूर्ण'मधून काढली आणि पुन्हा 'बाकी'च्या पहिल्या रकान्यात लावली. चिठ्ठीचा डिंक सुकला होता, ती चिकटेना. पडू नये म्हणून नसीमा तिच्यावर तळहात दाबून उभी राहिली. दीपकसरांनी पुढच्या गावाचं नाव घेतलं. तिने हात काढला नाही.