मासोळीची खूण

"हा माणूस आमच्या फौंड्रीत कधी कामालाच नव्हता, मॅडम. हजेरीत नाव दाखवा," मॅनेजर श्रीनाथ तिसऱ्यांदा म्हणाला.

बेळगावातल्या या कामगार कचेरीच्या अठरा पायऱ्या चढून आल्यापासून रवळूला श्वासच सापडत नव्हता. बावीस वर्षं त्यानं वाळूचे साचे बांधले. ती वाळू पिठासारखी उडून छातीत बसली, असं डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं. पण तिथं राबल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय हा कामाचा आजार ठरणार नव्हता. आणि त्याच्यासारख्या ठेकेदाराच्या माणसांची नावं हजेरीत कधी चढलीच नव्हती.

"विड्या ओढल्या असतील," श्रीनाथ हसला.

"ह्येनी विडीला हात लावलेला बघितल्याला एक माणूस दाखवा," त्याची बायको शालूबाई उसळली, "हितनं निपाणीपतोर चालत जाईन!"

"कूत्कोळ्री, आज्जी," कचेरीच्या अधिकारी विद्युल्लता मॅडमनी कानडीत बसायला सांगत खुर्ची दाखवली. "पुरावा आहे काही?"

शालूबाईनं मांडीवरचं टॉवेलातलं ओझं टेबलावर ठेवलं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड झाकण होतं. पंपाची असली झाकणं त्याच फौंड्रीत ओतली जात. आठ दिवस बेळगुंदीच्या विहिरी पालथ्या घातल्यावर सुहास नावाच्या शेतकऱ्याच्या जुन्या पंपावर ते घावलं होतं. "घिऊन जा आक्का, पण सांजच्या आत आण. ऊस वाळालाय," असं बजावूनच त्यानं ते उचकटून दिलं होतं.

झाकणावर फौंड्रीचं ठसठशीत नाव होतं. नावाखाली नखाएवढी मासोळी.

"ही कसली नक्षी?"

"नक्षी न्हाय," रवळू कसाबसा बोलला. "खूण... माझी."

पुढचं शालूबाईनं सांगितलं. माल फुटका निघाला तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं, म्हणून साचे बांधणाऱ्या मोल्डरनं साच्यात आपापली खूण दाबायची, अशी फौंड्रीची रीत. कुणी खिळा दाबी, कुणी बटण. नव्या नवरीच्या, म्हणजे शालूबाईच्या, पायातल्या जोडव्यांपैकी सैल झालेली एक मासोळी रवळूनं खिशात टाकली आणि तीच दाबत राहिला. पुढं ती वाळूतच हरवली.

"मासोळ्या काय, घरोघरी असतात," श्रीनाथ म्हणाला.

"शेपूट बघा की. एक पाकळी तुटकी हाय. सोनाराचा ठसाच तसला हुता. हिची जोडीदारीण अजून माझ्या पायात हाय."

"काढून द्या, ताडून बघते."

"काढणार न्हाय, बाई. नवरा जिता हाय माझा!"

असं म्हणून तिनं झाकण फरशीवर उतरवलं आणि भेगाळलेला पाय त्याच्याशेजारी टेकला. मॅडम खुर्ची सोडून गुडघ्यांवर बसल्या. चांदीची मासोळी, बिडाची मासोळी. दोघींची शेपटी एकाच जागी तुटलेली.

श्रीनाथनं वाकून पाहिलं आणि मोबाईल कानाला लावून तो बाहेर गेला. पलीकडं कुणी बोलत होतं की नाही, देव जाणे.

मॅडमनी दोन्ही मासोळ्यांचा फोटो काढून घेतला आणि अर्ज पुढं ओढला. "नाव लिहिलंय. काम काय लिहू?"

शालूबाई सांगणार, तोच रवळूनं तिच्या हातावर हात ठेवला. वर्षभरात चार शब्द सलग न बोललेला माणूस ताठ बसला.

"मोल्डर. बावीस वर्षं. माझा एक नग कधी फुटका निघाला न्हाय."

मग धाप लागली. ती ओसरेपर्यंत मॅडमनी पेन हातात धरून वाट पाहिली. शालूबाई खाली वाकून पदरानं झाकण पुसू लागली. सांजच्या आत ते बेळगुंदीला पोचवायचं होतं.